तुम्ही विचारलंत म्हणून: बेसवाले, म्हणजे बेस गिटार वाजवणारे, भेटले की बोलता बोलता जेवणावर का येतात?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. दिवाळी पहाटचा साउंड चेक आदल्या रात्रीच उरकायचा होता, कारण सभागृह अकराशिवाय रिकामं होणार नव्हतं. आधीच्या कार्यक्रमात वाजवणारा बेसवादक आपला अँप, म्हणजे अँप्लिफायर, गुंडाळत होता, मी माझा लावत होते. तेवढ्यात वीस-पंचवीस मिनिटं बोलणं झालं. त्यानं तारा कोणत्या लावल्यात, ऑक्टोबरच्या उन्हानं माझ्या बेसची नेक, म्हणजे लांब लाकडी दांडी, कशी वाकली, ती सरळ करायला ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, किती फिरवावी लागली. तिथून गाडी चकलीच्या भाजणीवर गेली आणि तिथेच थांबली. निवेदिका शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही बेसवाले भेटलात की तारा आणि खाणं, याच्यापलीकडे काही नसतंच का हो?"

हाच प्रश्न मला आमचा ड्रमर विचारतो, माझी नणंद विचारते, कार्यक्रमानंतर भेटायला येणारे रसिकही विचारतात. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

पहिलं कारण साधं आहे. आमच्या वाद्याबद्दल आम्हाला दुसरं कोणी विचारतच नाही. गायिकेला लोक रियाज विचारतात, तबलजीला घराणं विचारतात. बेस बहुतेकांना वेगळा ऐकूच येत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याची चूक नाही. चार तारांच्या बेसवरची सर्वांत खालची ई ही तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा थरथरते. गिटारची खालची ई ८२ वेळा. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ची कंपनं बाहेरच पडत नाहीत. वरची उपकंपनं तेवढी ऐकू येतात आणि खालचा स्वर आपला मेंदू भरून काढतो. त्यामुळे तार नवी की जुनी, बोट पिकअपवर, म्हणजे तारेची कंपनं पकडणाऱ्या पट्टीवर, टेकवलं की नेकच्या जवळ, हे बोलायला आम्हाला आमच्यासारखाच माणूस लागतो. तो महिन्या-दोन महिन्यांनी भेटतो. भेटला की साठलेलं सगळं बाहेर येतं.

दुसरं कारण मला कळायला बरीच वर्षं लागली. हा स्वर पोटात लागतो. चांगल्या अँपसमोर उभं राहून ई वाजवा, कानाआधी बेंबीच्या आसपास काहीतरी हलतं. ज्या जागी भूक लागते त्याच जागी हा सूर लागतो. मग त्याच्याबद्दल बोलायचे शब्दही तिथलेच येतात. "तुझा ए पाणचट येतोय" म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं, ए या तारेच्या आवाजातला मधला भाग कमी पडलाय. ज्या सभागृहात एक स्वर दुसऱ्यावर चढून लगदा होतो, तिथला आवाज पिठूळ. अँप ताणला की आवाज करपतो. पण बेतानं ताणला तर खरपूस होतो, आणि तो खरपूसपणा मला फार आवडतो. नव्या तारा कच्च्या असतात. जुन्या मुरलेल्या. इतकं बोलून झाल्यावर माणूस भाजणीवर आला नाही तरच नवल.

तारांचं तर स्वयंपाकघराशी थेटच नातं आहे. बेसच्या तारा महाग. एका संचाला दोन हजारांच्या पुढे मोजावे लागतात. गोल वेटोळ्यांच्या राउंडवाउंड तारांच्या खाचांमध्ये घाम, तेल, बोटांची कातडी जाऊन बसते आणि दोन महिन्यांत आवाज मरतो. मग तारा उकळायच्या. माझ्याकडे त्यासाठी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं आहे, आईनं दिलेलं, त्यात दुसरं काही शिजत नाही. तारा सैल करून काढायच्या, गोल वळवून पातेल्यात ठेवायच्या, बुडतील इतकं पाणी, दहा मिनिटं खळखळ उकळी. पाण्यावर करडी साय धरते, काठाला तेलकट कडं उमटतं. नवरात्रातल्या नऊ रात्रींचा घाम असा समोर तरंगताना दिसतो. चिमट्यानं काढून सुती पंचानं पुसायच्या, पंख्याखाली पूर्ण कोरड्या करायच्या, ओलावा राहिला तर गंजतात. परत चढवल्या की आठ-दहा दिवस आवाज लख्ख लागतो. पातेलं कोणतं, पाणी किती, हे सांगता सांगता दोन बेसवादक आमटीवर न येतील तरच आश्चर्य.

आता वसईच्या अंकलबद्दल सांगते, कारण मला हे सगळं त्यांच्याकडून मिळालं. सत्तरी ओलांडलेले, आधी चर्चच्या क्वायरमध्ये आणि लग्नांत, मग वीसेक वर्षं वाद्यवृंदांत वाजवलेले. त्यांच्या बेसवर फ्लॅटवाउंड तारा होत्या, म्हणजे वरून चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, हाताला काचेसारख्या गुळगुळीत. या तारा उकळायच्या नाहीत. जितक्या जुन्या तितक्या चांगल्या. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांना बेस देणारे जेम्स जेमरसन आपल्या १९६२च्या प्रिसिजन बेसवरच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसत, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवत. त्या काळात तबकड्यांच्या वेष्टनावर वादकांची नावं सहसा नसत, तरी जगभरातले बेसवादक ती गाणी ऐकून शिकले. हे मी वाचून अंकलना सांगितलं तर ते म्हणाले, "बाय, तार ताजी असली का नुसती टणटण करते. बाटली मसाला उन्हाळ्यात कांडला तर पावसाळ्यात चव देतो का नाय? तसंच."

बाटली मसाला म्हणजे त्यांच्या घरचा मसाला. मिरच्या आणि बाकीचे जिन्नस वेगवेगळे उन्हात तापवून, भाजून, कांडून काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. काच काळी हवी, म्हणजे उजेड लागत नाही. पहिल्या भेटीत त्यांनी मला तारांविषयी जितकं सांगितलं, तितकंच हे सांगितलं.

आमच्या भेटी बऱ्याचदा मुंबईत धोबी तलावला होत. तिथे १८६५ सालापासूनचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान, आणि पावलांच्या अंतरावर १९०४ सालचं कयानी हे इराणी हॉटेल. याच भागातल्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या क्लबांमध्ये, गोव्याहून आलेले वादक उतरायचे, आणि हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांना जायचे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येणारी ही माणसं नसती तर ते वाद्यवृंद उभेच राहिले नसते. आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ यांचं नाव अंकल घेत तेव्हा कानाला हात लावत. आधी दुकान, मग खाणं, हा क्रम ठरलेला. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, खाल्लेल्या बोटांनी दुसऱ्याच्या बेसला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम मी आजही पाळते. लोणी तारेच्या खाचेत गेलं की तार मेली. आणि रोजवुडच्या फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, लाखेचा थर नसतो, तेल आत उतरतं.

खाण्याचं आणखी एक आहे, ते तालाचं. भरल्या पोटी हात मागे पडतो, उपाशी पोटी पुढे पळतो. ड्रमच्या किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याला, बेसचा स्वर चिकटून पडायला हवा. त्यात केसाएवढा फरक पडला तरी श्रोत्याला कळत नाही काय बिघडलं, पण पाय थांबतो. म्हणून कार्यक्रमाच्या दोन तास आधी दहीभात किंवा दोन पोळ्या-भाजी, आणि खरं जेवण रात्री एक वाजता, सामान टेंपोत चढल्यावर. त्या वेळी काय उघडं असतं, कुठल्या नाक्यावरची भुर्जी, कुठला घाटावरचा ढाबा, ही माहिती आम्ही एकमेकांना नेमानं देतो. ती कामाचीच माहिती आहे.

एक दुखणंही सांगते. चार वर्षांपूर्वी एका आयोजकांनी फोन करून सांगितलं, "बजेट कमी आहे, बेस या वेळी कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवेल." होतं तसं, खूप ठिकाणी होतं. कीबोर्डवादक बिचारा दोन माणसांचं काम एका मानधनात करतो. पण बोटानं ओढलेली तार सुटताना स्वरात जो जीव ओतते, तो कळ दाबून येत नाही, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन. त्या दिवशी मी अंकलना फोन केला. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "रविवारी ये, फुगे करतोय." मी गेले. गरम फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले फुगीर गोळे, खाल्ले, संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीनं त्यांचा बेस वाजवला. तसं घर होतं म्हणून मी हे वाद्य सोडलं नाही.

या मे महिन्यात अंकलनी निरोप पाठवला. बोटं आखडतात, आता वाजवणं होत नाही. एका पिशवीत मसाल्याची बाटली होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्यांच्या चार फ्लॅटवाउंड तारा. दोघांच्याही बेसवर तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, त्यामुळे कापलेल्या तारा माझ्या खुंट्यांपर्यंत बरोब्बर पुरल्या. त्याच संध्याकाळी मी तारा चढवल्या आणि वांग्याच्या भाजीत चमचाभर मसाला घातला. रात्री त्यांचा फोन आला.

"कशी लागली?"

"काय, अंकल? तार की भाजी?"

"दोन्ही सांग. आधी ई सांग."