यॉर्कशायरची ट्रायल्स: क्लासचं नाव बघून फसू नका

पहिल्यांदाच मोटरसायकलच्या ट्रायल्सला उतरणार असाल तर सर्वांत सोपा रूट घ्या. मधला अजिबात नको. लडाख कितीदा केलंत, पावसाळ्यात ताम्हिणीला किती चिखल तुडवलात, याचा इथं काडीचाही उपयोग नाही. इंग्लंडात यॉर्कशायरला मधला रूट घेऊन आलो, मनगटं अजून ठणकतायत, त्यामुळे सूर जरा तिखट लागेल. सल्ला मात्र तोच राहील.

आपल्याकडच्या बुलेटवाल्यांना ट्रायल्स म्हटलं की 2019 साली आलेली बुलेट ट्रायल्स आठवते. ती निघाली जॉनी ब्रिटन या इंग्लिश रायडरला मानवंदना म्हणून. या पठ्ठ्यानं 1952 आणि 1957 साली 350 बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल मारली होती. पण ती शोरूमची गाडी 180 किलोच्या पुढची. आज स्पर्धेत दिसणाऱ्या गाड्या सत्तर किलोच्या आसपासच्या. सीट नावालाही नसते, सगळं उभ्यानं, आणि मागच्या टायरात हवा जेमतेम 4 पीएसआय. घड्याळाशी बहुतेक ठिकाणी फारसा संबंध नसतो. आखून दिलेला ओढ्याचा, खडकाचा किंवा चिखलाचा तुकडा, म्हणजे सेक्शन, पाय न टेकता पार करायचा. पाय टेकलाच नाही तर 0, एकदा टेकला तर 1, दोनदा 2, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी 3. पडलात किंवा खुणांबाहेर गेलात तर 5. ज्याचे गुण कमी, तो वर.

आता घोळाकडे येतो. फॉर्मवर क्लास आणि रूट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. क्लास ठरतो तुमच्यावर आणि गाडीवर: एक्स्पर्ट, क्लबमन (मधल्या दर्जाचे), नॉव्हिस (नवखे), चाळिशीपुढचे, मागे दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बर असलेल्या जुन्या ट्विनशॉक गाड्या, 1965 पूर्वीच्या गाड्या. रूट म्हणजे त्याच सेक्शनमधली अवघड, मधली किंवा सोपी वाट. कुठल्या क्लासनं कुठली वाट धरायची, हे प्रत्येक क्लब आपापलं ठरवतो. बाणांचे रंगही तसेच. एका क्लबात पांढरा बाण सोपा, तर पलीकडच्या खोऱ्यात तोच पांढरा मधला. खुणांचं तेवढं सगळीकडे सारखं: लाल उजवीकडे, निळी डावीकडे.

मी आधी ज्या क्लबात गेलो होतो तिथं क्लबमन सोप्या वाटेनं जायचे. निडरडेलच्या या क्लबात मधल्या. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "सगळं रायडेबल आहे." कुणासाठी, ते नाही सांगितलं. लीड्सचा एक पुणेकर मित्र तर म्हणाला, "अरे, सोप्यात पोरंटोरं असतात, तू मधला घे." पोरंटोरं होतीच, पण सत्तरीचे आजोबाही होते. एक आजोबा जुन्या यामाहा टीवाय 175 वर सेक्शनमागून सेक्शन क्लीन, म्हणजे 0 मध्ये, करत होते, तेही गप्पा मारत.

दहा सेक्शन, चार फेऱ्या. नऊ सेक्शनांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बोलायचं ते सातव्याबद्दल. पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीमुळे, चहासारखं तपकिरी झालेलं ओढ्याचं पाणी, त्याखाली शेवाळलेला ग्रिटस्टोन (खरबरीत वाळूचा दगड), आणि मध्येच गुडघ्याएवढी पायरी. सोपी वाट पायरीला वळसा घालून काठाकाठानं जाते. मधली वाट उजवीकडे घट्ट वळून थेट पायरीवर चढते, आणि वेग घ्यायला जागा गाडीच्या लांबीएवढीसुद्धा नाही. त्यात नियम नॉन-स्टॉप: गाडी पुढे सरकायची थांबली की 5. वळताना पुढचं चाक घसरतं, तुम्ही क्लच दाबता, गाडी क्षणभर अडते, आणि ऑब्झर्व्हर, म्हणजे सेक्शनवर उभा राहून गुण देणारा, पंजा दाखवतो. प्रत्येक फेरीत हेच. वर अर्धा अर्धा तास रांग, बूट पाण्यानं भरलेले. सोप्या वाटेवर पाय मारत मारत 3 घेऊन का होईना, माणूस पलीकडे पोचतो आणि पुढच्या फेरीत 2 करतो. मधल्या वाटेवर 5 घेऊन गाडी ढकलायचीच तेवढी शिकायला मिळते.

म्हणून पैसे भरण्याआधी स्पर्धेची नियमावली वाचा. त्यात क्लास, रूट आणि रंग कसे जोडलेत ते लिहिलेलं असतं. नॉन-स्टॉप आहे की थांबायला परवानगी आहे, हेही बघा. तिथं गेल्यावर सही करण्याआधी सर्वांत वाईट सेक्शन कुठला ते विचारा आणि तो पायी बघून या. स्टार्टजवळचे सेक्शन बघून काही कळत नाही. त्या एका सेक्शनमध्ये आपण 3 मध्ये निघू असं वाटत नसेल, तर खालचा रूट घ्या. आमच्याकडे सुरुवात झाली की क्लास बदलता येत नव्हता. सोप्यात कंटाळा यायला लागला की फिफ्टी-फिफ्टी घ्या. काही क्लबांत तो असतो: निम्मे सेक्शन वरच्या वाटेनं, निम्मे खालच्या. कुठला कुठल्या वाटेनं, ते गाडीवर चिकटवा, कारण चुकीच्या गेटमधून, म्हणजे दुसऱ्या वाटेच्या खुणांमधून, गेलात तरी 5.

भाड्याची गाडी घेणार असाल तर 125 मागा. मला 250 दिली, "तुमच्या वजनाला हीच" म्हणून. ओल्या दगडावर ती नुसतं चाक फिरवते. वाकलेल्या क्लच लिव्हरचे नव्यापेक्षा जास्त पैसे लावले, आणि लिव्हर आधीच वाकलेला नव्हता याचा पुरावा माझ्याकडे मागितला. गाडी ताब्यात घेताना लिव्हर, फुटरेस्ट आणि मडगार्डचे फोटो काढा, गाडी देणाऱ्यासमोर काढा. मनगटाला अडकवायच्या दोरीचा किल स्विच (पडलात की इंजिन बंद करणारा) चालतो का तेही तिथंच बघा. तो नसेल तर उतरूच देत नाहीत.

स्कॉटिश सिक्स डेजचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी: मे महिन्यात, फोर्ट विल्यमला, रोज तीस सेक्शन, आणि सगळ्यांना वाट एकच. सोपा रूट हा प्रकारच नाही. ऑक्टोबरची स्कॉट ट्रायल तर त्याहून वाईट, तिथं सेक्शनच्या गुणांत वेळेचे गुणही मिळवतात.

क्लबांना ऑब्झर्व्हरची टंचाई कायम असते. आधी एक रविवार गुणांचं कार्ड टोचायचं यंत्र घेऊन मधल्या वाटेशी उभे राहा. फी नाही, वर सँडविच मिळतं, आणि तुमच्यासारखे कितीजण पायरीवर आडवे होतात ते कोरड्या बुटांनी बघता येतं.