डीजे काढायची तारीख

मंगळवार, रात्र

मुतखड्याचं ऑपरेशन करून घरी आलेला माणूस चंदगडचा असो की अथणीचा, पहिला प्रश्न ठरलेला: खडा निघाला, मग लघवी करताना कमरेत कळ का?

कळ आतल्या स्टेंटची. नाव डीजे, म्हणून गावाकडं आधी वरातीतला डीजे आठवतो. आहे मात्र मऊ नळी, जेमतेम दोन मिलिमीटर जाड, 24 ते 26 सेंटिमीटर लांब. दोन्ही टोकांना वेटोळं. एक किडनीत, दुसरं मूत्राशयात. दुर्बिणीच्या ऑपरेशननं मूत्रवाहिनी सुजते, ती सूज उतरेपर्यंत लघवीला वाट राहावी म्हणून ही सोय. पण नळी असेपर्यंत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाची झडप नीट मिटत नाही. जोर केला की लघवी उलटी वर चढते आणि कमरेत कळ येते. खालचं वेटोळं मूत्राशयाला टोचतं, म्हणून सारखी लागल्यासारखं होतं. कुंथू नये. रात्रीची टॅमसुलोसिनची गोळी, 0.4 मिलिग्रॅमची, याच त्रासासाठी असते. ती घेऊन अंथरुणातून झटकन उठलं तर गरगरतं.

खानापूरहून बसचे धक्के खात आलं की लघवी लालसर होते. पाणी पिऊन फिकी पडली तर घाबरायचं नाही. गुठळ्या पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

पाणी किती? दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं. उन्हात भांगलायला जाणाऱ्याला जास्त लागतं. हृदयाचा आजार असेल तर माप डॉक्टरांचं. बिअरचा सल्ला देणारे पारावर पुष्कळ, त्यांना हसून सोडावं. दूधही बंद करू नये, मीठ कमी करावं.

खरी भीती विसरण्याची. आठवडाभरात त्रास अंगवळणी पडतो, त्यात ऊसतोड आली की तारीख पुढं ढकलली जाते. नळी बहुधा एक-दोन आठवड्यांत, कधी सहा आठवड्यांनी काढतात. तीन महिन्यांपलीकडं ठेवू नये. राहिली तर तिच्यावरच क्षार बसतात, ओढताना तुटते, पुन्हा भूल आणि ऑपरेशन. डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत जातं, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल पेनानं लिहावी.

काढणं पाच-दहा मिनिटांचं. बधीर करणारी जेल, बारीक दुर्बीण, वेटोळं चिमट्यात धरून ओढायचं. नंतर एक-दोन दिवस कमर दुखू शकते. निघालेली नळी बघायला मागावी. दोन्ही वेटोळी शाबूत दिसली पाहिजेत.