काजूची पंगत

आमचा कुत्रा काजू जेवतो कसा हे बघण्यासारखं असतं. जेवला तर. आधी तो भांड्यासमोर उभा राहतो. नाक खाली नेतो, वर उचलतो आणि आमच्याकडे असं बघतो की वाढणाऱ्याने मान खाली घालावी. मग ओठांच्या टोकाने एकच दाणा उचलतो, तो तोंडात धरून ओटीवरच्या चटईपर्यंत चालत येतो, दाणा चटईवर ठेवतो, थोडा मागे सरतो आणि त्या दाण्याकडे बघत बसतो. दाणा काही करत नाही. शेवटी काजू तो खातो, 'कुडुम' असा आवाज होतो आणि घरातली सगळी माणसं हुश्श करतात. पुढचा दाणा कधी येतो, कधी येत नाही.

हा पाच किलोचा पांढरा, झुपकेदार कुत्रा. मालवणात सगळे त्याला पामेरियन म्हणतात. आपल्याकडे पामेरियन म्हणून वावरणारे बहुतेक कुत्रे खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, पण ही दुरुस्ती करत गावभर कोण फिरणार? मुलीला नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरूला जावं लागलं, तिथल्या घरमालकाला कुत्रा चालेना, म्हणून मे महिन्यात तो आमच्याकडे आला. सोबत लाल पट्टा, स्टीलचं भांडं आणि त्याच्या कोरड्या दाण्यांची एक भलीमोठी पिशवी. पिशवीवरची किंमत आईला दिसू नये म्हणून बायकोने त्यावर आल्या आल्या चिकटपट्टी लावली.

ते दाणे काजू पुण्यात खायचा, असं मुलगी शपथेवर सांगते. आमच्याकडे मृगाचा पाऊस लागला आणि त्याने तोंड फिरवलं. यात त्याची चूक नव्हती. कोकणातल्या पावसात पापड, काडेपेटी आणि मीठ यांचं जे होतं तेच या दाण्यांचंही होतं. शिवाय दाण्यांवर चरबीचा हात असतो. पिशवी उघडी राहिली की ती चरबी हवेने खवट होते. आपल्या नाकाला पत्ता लागत नाही, कुत्र्याला लगेच लागतो. मग पिशवी तशीच्या तशी घट्ट झाकणाच्या डब्यात गेली आणि भांड्याखाली पाण्याची परात आली, मुंग्यांसाठी. काजूने परातीतलं पाणी प्यायलं आणि भांडं तसंच ठेवलं.

कुत्र्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या साधारण १७०० असतात, माणसाच्या जिभेवर ९०००च्या आसपास. म्हणजे चवीच्या बाबतीत हा प्राणी आपल्यापेक्षा मठ्ठच म्हणायचा. त्याचं सगळं खाणं नाकाने चालतं. थंडगार, कोरडा दाणा त्याच्या नाकाशी काही बोलत नाही. त्यावर चमचाभर कोमट पाणी घातलं की वास सुटतो आणि काजू निदान चौकशीला तरी येतो. फ्रीजमधून काढलेलं कोंबडीचं उकडलेलं मांस तो हुंगून सोडतो. तेच अंगाबरोबर कोमट करून दिलं तर कान टवकारतो. बायको हे सगळं मन लावून करते. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत माझी आमटी तिने दुसऱ्यांदा गरम केल्याचं मला आठवत नाही. असो.

आईला यातलं काहीच पटत नव्हतं. आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमारास पेज होते. उकड्या तांदळाची, पातळ, वर चिमूटभर मीठ, सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. मीठ पडण्याआधी आई त्यातली दोन पळ्या पेज काजूसाठी बाजूला काढू लागली. मी म्हटलं, आई, कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला, त्याला भात कसला देतेस? मग माझं मलाच वाटलं, बघावं. २०१३ साली 'नेचर'मध्ये एक संशोधन छापून आलं होतं: लांडग्यापासून कुत्रा होताना त्याच्या अंगात पिष्टमय पदार्थ पचवणारे जनुक वाढले. माणसाच्या दारात राहायचं तर माणसाची शितं पचायला हवीत, हा व्यवहार त्याच्या रक्तात फार पूर्वीच उतरला आहे. पाकिटातलं तयार खाणं त्या मानाने कालचं. जेम्स स्प्रॅट नावाच्या गृहस्थाने १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, तिथपासूनचं. त्याआधी जगभरचे कुत्रे उष्ट्याखरकट्यावरच जगत होते. मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ह्या माका सांगतंस? वाडीतले सगळे कुत्रे पेजेवरच वाढले."

पण नुसत्या पेजेवर पाच किलोचा कुत्रा निभत नाही. त्याला मांसमासळी, अंडं, काहीतरी लागतंच. आणि इथे खरी पंचाईत सुरू होते, कारण मालवणी जेवणात कुत्र्याला चालेल असं फार थोडं शिल्लक राहतं. आमच्या वाटपात खोबऱ्याबरोबर कांदा भाजला जातो, लसूणही असते. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे सागोती आणि कढी दोन्ही बाद. शिऱ्यातले मनुके मूत्रपिंडाला घातक, ते बाद. सुक्या मासळीच्या वासावर तो जीव ओवाळून टाकतो, पण तिच्यात मीठ इतकं की तीही बाद. आणि आंब्याचा बाठा! मे महिन्यात अंगणात पडलेला प्रत्येक बाठा हा या घरावरचा हल्ला आहे, अशा तयारीने आम्ही राहिलो. गिळला आणि आतड्यात अडकला तर थेट शस्त्रक्रिया. शेवटी ठरलं ते असं: बिनमिठाचा वाफवलेला बांगडा, बोटांनी चाचपून काटा काढलेला. काटे काढायचं काम माझ्याकडे आलं. मी चष्मा लावून, दिव्याखाली बसून, केसाएवढे काटे वेचले. काजूने बांगडा हुंगला आणि चटईवर जाऊन बसला.

मासे घेऊन येणारी बाई पायरीवर बसून हे बघत होती. टोपलीवरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "ह्येका सरंगो व्हयो काकीनू, बांगडो कसो चलतलो!"

माझं मत विचाराल तर काजू नखरेल नव्हताच. तो आमच्या रीतीला लागला होता. आपल्याकडच्या पंगतीत पाहुणा पहिल्या वाढीला पोटभर जेवला तर यजमानाला कसंसंच होतं. पाहुण्याने हात आडवा करावा, वाढणारीने तो हात चुकवून वडा पानात टाकावा, पाहुण्याने "अगो, पुरे पुरे" करत तो खावा, तेव्हा कुठे जेवण झाल्यासारखं वाटतं. काजू ओटीवर बसून हे रोज बघतो. नाही म्हटलं की माणसं जवळ येतात, आवाज मऊ करतात, हातात काहीतरी आणखी चांगलं घेऊन येतात, हे त्याने ओळखलं. दाणे नाकारले की कोमट पाणी येतं, ते नाकारलं की अंडं येतं, अंडं नाकारलं की बांगडा. मग बांगड्याला लगेच हो म्हणायची त्याला काय घाई?

डॉक्टरांनी हेच जरा रुक्ष शब्दांत सांगितलं. त्यांनी आधी त्याचे ओठ वर करून दात पाहिले, कारण लहान जातीच्या कुत्र्यांच्या दातांवर लवकर कीट धरतं, हिरड्या दुखतात आणि आपण मात्र त्याला नखरा म्हणतो. दात ठीक होते. वजन केलं, ते घटलेलं नव्हतं, उलट थोडं वाढलेलं होतं. डॉक्टर हसले. म्हणाले, भांडं ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी मुकाट्याने उचला, पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नका. पाणी मात्र कायम ठेवा. एवढंसं पिल्लू असतं तर हे सांगितलं नसतं. लहान पिल्लांची साखर उपाशीपोटी पटकन उतरते. मोठा कुत्रा दिवसभर जेवला नाही आणि मलूल पडला, ओकला, तर मात्र थांबू नका, घेऊन या. हा मलूल नाही. ह्याला बाहेरून कोण काय देतं ते आधी बघा.

बघितलं. काजूएवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० कॅलरी पुरतात, आणि वरचं चिल्लर खाणं त्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असू नये असं म्हणतात. एका ग्लुकोज बिस्किटात २५च्या आसपास कॅलरी. आई सकाळच्या चहातलं एक देते, "एवढंसं." बायको भांडी घासताना एक. शेजारच्या वहिनी गडग्यावरून एक टाकतात, त्यांचा नातू शाळेतून आला की एक. झाल्या शंभर कॅलरी, कुत्र्याने अजून भांड्याकडे बघितलेलंही नाही. माणसाच्या मापाने हे साडेपाचशेच्या वर जातं. एवढं खाऊन मीही जेवणावर बसलो नसतो. शिवाय मासेवाली त्याला पायरीवर एक कोळंबी सोलून देत होती, त्याची नोंद वेगळी. सरंग्याचे टोमणे मारणारी हीच!

घरात नियम जाहीर झाला, वर फोनवर मुलीची संमती आली. पहिल्याच दिवशी मी भांडं उचलायला वाकलो तर आई समोर उभी. "खाणाऱ्याच्या पुढचा ताट उचलतंस? आमच्या घरात?" आता हिला कसं समजवायचं? या बाईने आयुष्यभर पहिल्या भाकरीतला तुकडा गाईला काढला, पितृपक्षात कावळ्याबरोबर कुत्र्याचंही पान मांडलं, दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय जाऊ दिलं नाही. वैद्यकीय सल्ला म्हणून सुद्धा उपाशी ठेवणं तिच्या कोशात नाही. मी भांडं उचललं. अर्ध्या तासाने काजूच्या मिशांना बिस्किटाचा भुगा लागलेला होता आणि आई तुळशीकडे बघून जप करत होती.

जून-जुलै असेच गेले. मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, काजूची वाटाघाट चालू. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा निवळला, तसा मी त्याला पहाटे मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर न्यायला लागलो. एका सकाळी तिथे रापणीचं जाळं ओढत होते. दोन बाजूंनी दोन रांगा, कमरेला दोर टेकवून मागे मागे सरकणारी माणसं, आणि पाण्यातून हळूहळू जवळ येणारं जाळं. वर घारी, बाजूला बगळे आणि वाळूवर ओळीने बसलेले किनाऱ्यावरचे कुत्रे. शिस्त अशी की कोणी भुंकत नाही. जाळं काठाला लागलं, पेडवे-तारले असे छोटे मासे उडायला लागले, काही जाळ्याबाहेर वाळूत पडले. एक काळा कुत्रा पुढे झाला, त्याने एक पेडवा उचलला आणि दोन घासांत संपवला. काजूने ते पाहिलं. मी दोरी आवरायच्या आत त्याने वाळूने माखलेला दुसरा पेडवा उचलला होता. काटा काढलेला नाही, वाफवलेला नाही, कोमट केलेला नाही. कच्ची मासळी देऊ नये हे मला ठाऊक होतं. ते त्याला सांगेपर्यंत शेपटीचा तुकडा तेवढा बाहेर होता. सोबतीला खाणारं कोणी असलं की कुत्र्यांची पिल्लं जास्त खातात असं म्हणतात. काजू काही पिल्लू नाही, पण काळ्याने दुसऱ्या पेडव्याकडे मान वळवली तेव्हा आमचा हा त्याच्यावर गुरगुरला. घरी आजवर तो कोणावर गुरगुरला नव्हता. गरजच पडली नव्हती.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. बायको म्हणाली, म्हणजे मी इतके दिवस उगाच राबले. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी दहाला तिने काजूचं भांडं तिच्या पाटापासून दोन हातांवर ठेवलं. भिजवलेले दाणे, वर पळीभर पेज. आणि त्याच्याकडे पाठ करून ती स्वतः जेवायला बसली. ना हाक, ना "खा रे बाबा". भुरका मारायचा आवाज तेवढा. थोड्या वेळाने मागून दुसरा एक लपलप आवाज यायला लागला. मी बघायला मान वळवली तर आवाज बंद. काजू भांड्यापासून मागे सरून माझ्याकडे बघत होता, आता मी काय घेऊन येतो म्हणून.

"बघू नको तेच्याकडे!" आई पाठमोरीच गरजली. "बघलंस की नाटकां सुरू."

तेव्हापासून दहा वाजता आमच्या घरात सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात. बायकोसुद्धा. शेजारच्या वहिनी एकदा काहीतरी मागायला आल्या आणि आम्हाला तसं बघून न मागताच परत गेल्या. भांडं वीस मिनिटांत रिकामं होतं, बहुतेक दिवशी. माझी तक्रार एवढीच आहे की लोणच्याची बरणी काजूच्या बाजूच्या फडताळात असते आणि ती आधी काढून ठेवायचं माझ्या रोज ध्यानातून जातं. मग मी पेज तशीच खातो.