तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध संपल्यावर तिथे डॉक्टरचं काय काम?

मी पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनला होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, लग्नात भेटलेली मावशी असो नाहीतर हॉस्पिटलमधले रेसिडेंट्स, की तिथलं युद्ध तर 2002 लाच संपलं ना, मग तुम्ही 2011 मध्ये जाऊन केलंत काय?

बाळंतपणं केली. मुख्य काम तेच. 1991 पासूनच्या 11 वर्षांच्या यादवीत लोकांचे हात तोडले, ते फोटो सगळ्यांनी बघितलेत, पण दवाखाने जळले, नर्सेस देश सोडून गेल्या, आणि पुढे जी पोरं नर्स-डॉक्टर झाली असती ती शाळेच्या वयात शेजारच्या गिनी देशातल्या निर्वासित छावण्यांमध्ये होती, याचा फोटो निघत नाही. एप्रिल 2010 पासून सरकारने गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांचे उपचार मोफत केले. फार मोठी गोष्ट होती ती. पण पावसाळ्यात अडलेली बाई आधी झोळीतून, मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून यायची, आणि पोचेपर्यंत कितीतरी जणींचं गर्भाशय फाटलेलं असायचं.

मग रक्त. पिशवी नाही, नातेवाइकांनीच द्यायचं, आणि रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो अशी भीती. एका बाईचं हिमोग्लोबिन चार, तिचा भाऊ दारात उभा, आत येईना. मी माझ्या मोडक्यातोडक्या क्रिओत, म्हणजे तिथल्या बोलीभाषेत, समजावत होते, त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी वॉर्ड झाडणाऱ्या मावशी त्याच्याशेजारी जाऊन बसल्या, बराच वेळ काहीतरी बोलल्या आणि त्याला हाताला धरून आत घेऊन आल्या. ती बाई वाचली. काय बोललात विचारलं तर म्हणाल्या, त्याच्या गावाची चौकशी केली.

दोन आठवडे येऊन ऑपरेशनं करून जाणारे डॉक्टर खूप यायचे, मन लावून काम करायचे, पण मागे कुणी शिकलं नाही तर ते गेल्यावर येणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग, असं मला आजही वाटतं. म्हणून मी सीएचओंना सिझेरियन शिकवायला लागले. सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, एमबीबीएस नसलेले पण तालुक्याचा दवाखाना चालवणारे लोक. माझा पहिला विद्यार्थी छावणीतच वाढलेला, शाळेची चार वर्षं गेलेली, पण टाके इतके स्वच्छ घालायचा की बघत राहावं.

2014 मध्ये इबोला आला तेव्हा मी नाशिकला परतले होते. जुलैमध्ये तिथल्या केनेमा शहरातले डॉक्टर शेख उमर खान इबोलाने गेले, पुढे देशातले दोनशेहून जास्त आरोग्य कर्मचारी त्यातच गेले. रक्तस्राव होणारी प्रत्येक गरोदर बाई तेव्हा इबोलाची असू शकत होती, तरी माझा हा विद्यार्थी ऑपरेशन थिएटर सोडून गेला नाही. मी त्याला रोज मेसेज टाकायचे, 'हाउ दी बॉडी?', म्हणजे क्रिओत 'कसा आहेस?' कधी दोन-दोन दिवस उत्तर यायचं नाही, मग पहाटे कधीतरी यायचं, 'आई बरी, बाळ बरं. टेल गॉड टेंकी.' म्हणजे, देवाचे आभार.