फ्लेक्सवरची चार शून्यं

22 डिसेंबरचा गणित दिवस म्हणजे बाहेरच्यांना वाटतं तक्ते, रांगोळी, भाषण, पण आमचा अर्धा आठवडा ऑनलाइन माहिती भरण्यातच जातो आणि उरलेल्या वेळात हे सगळं बसवायचं असतं. तरी मी या दिवशी उरकाउरकी करत नाही. आमची शाळा नाशिकरोडला, गणिती कापरेकर सर जिथे शाळेत शिकवायचे ते देवळाली इथून जवळच.

यंदा फ्लेक्सवर 2 चा 61 वा घात वजा 1 घेतला. ही मूळ संख्या आहे हे 1883 साली पेर्वुशिन नावाच्या रशियातल्या खेड्यातल्या एका धर्मगुरूने हाताने आकडेमोड करून दाखवलं होतं. संख्या स्प्रेडशीटमध्ये काढली, कॉपी केली, दुकानात पाठवली, सकाळी फ्लेक्स लागला.

दहा मिनिटांत आठवीतली एक मुलगी आली. "मॅडम, शेवटी शून्य आहे, मग 10 ने भाग जाणार ना?"

2305843009213690000. शेवटी चार शून्यं!

मी काही बोलायच्या आत शेजारचे सर तिला म्हणाले, कॉम्प्युटरने काढलंय ते, जा जागेवर. मला ते अजून सलतंय. अहो, आख्ख्या शाळेत तिनेच ती संख्या वाचली होती!

स्प्रेडशीट 15 अंकच जपते, पुढे शून्यं भरते, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी शेवटचा अंक पाहिला नाही. 2 च्या घातांचा शेवटचा अंक 2, 4, 8, 6 असा फिरतो, 61 ला 4 ने भागलं की बाकी 1, म्हणजे 2 वर संपणार आणि 1 वजा केला की 1 वर. एवढं तर तोंडी होतं. खरे शेवटचे अंक 3951, ते कागदावर लिहून शून्यांवर चिकटवले.

मग तिचा पुढचा प्रश्न, मूळ आहे हे कळतं कसं? नुसते भागाकार करायचे तर वर्गमूळच दीडशे कोटींच्या वर आहे. घातांक मूळ असला की झालं असंही नाही, 11 मूळ आहे पण 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि तो 23 गुणिले 89. म्हणून तिला अशा संख्या मूळ आहेत का ते तपासणारी ल्युका-लेमरची कसोटी 127 वर, म्हणजे 2 चा 7 वा घात वजा 1 वर, करून दाखवली, 4 घ्यायचा, वर्ग करून 2 वजा, 127 ने भागून बाकी ठेवायची, परत तेच. 14, 67, 42, 111 आणि पाचव्यांदा 0. घातांक 7, त्यातून 2 वजा, म्हणून पाच वेळा. 0 आला की मूळ. फळ्यावर तो 0 उतरताना मला दरवेळी तेवढाच आनंद होतो.

दुसऱ्या दिवशी ती वहीत 8191 करून आली, म्हणजे घातांक 13, अकरा पायऱ्या. दहाव्या पायरीला 128 आला होता आणि तिथेच थांबली होती. मी विचारलं, पुढचं का नाही केलं?

"करायचं काय मॅडम, 16384 वजा 2, ते 8191 च्या दुप्पटच आहे."