काकूंच्या चौदा पायऱ्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा, पहिला मजला. काकू 76 वर्षांच्या. मी फिजिओथेरपिस्ट; मला बोलावण्याचं कारण सुनेनं फोनवर सांगितलं ते एवढंच: "न्हाणीघरातल्या पाटावरून उठता येत नाही." पडणं नाही, हाड मोडणं नाही.

"घरातलं माझं सगळं मीच करते हो ताई," काकू म्हणाल्या. ते खरंच होतं. पण घरच त्यांच्या बेतानं बदलत गेलं होतं. कमोडवर चार इंच उंच सीट आली, ओट्यापाशी स्टूल आलं, डबे खालच्या फळीवर उतरले. खंडेराव मार्केटला जाणं दीड वर्षापूर्वी सुटलं. भाजीची लारी (हातगाडी) आली की सून दोरीनं टोपली खाली सोडते. सगळं मायेनंच. म्हणून तर कमजोरी कुणाच्या नजरेला आली नाही.

43 सेंटीमीटर उंचीची खुर्ची घेतली, हात छातीवर ठेवून पाच वेळा उठबस करायला लावली. 19 सेकंद लागले. स्नायूंच्या कमजोरीच्या आशियाई निकषानुसार 12 किंवा जास्त सेकंद म्हणजे हालचालीची क्षमता कमी. मग चार आठवड्यांच्या वावराचा हिशेब: खोल्या, गॅलरी, पोळ (म्हणजे आपली गल्ली), शहर, शहराबाहेर अशी पाच वर्तुळं, वर्तुळाचा क्रमांक गुणिले किती वेळा गेलात याचे गुण, गुणिले एकट्या की आधारानं याचे गुण, आणि पाचांची बेरीज. पूर्ण गुण 120. काकूंचे 27. जपानमध्ये वृद्धांच्या 25 प्रश्नांच्या तपासणीत 'आठवड्यातून एकदा तरी बाहेर जाता का' हा प्रश्न असतोच.

घरात सलग दहा-बारा फुटांपलीकडे चालावं लागत नाही, तीन पावलांवर भिंत हाताशी असते. पायरी नाही, त्यामुळे वजन सावकाश खाली सोडण्याचं मांडीचं काम बंद पडतं. खुर्चीत धप्पकन बसणं सुरू होतं ते इथून.

बाहेर का जात नाही? सगळे म्हणाले, गुडघे. सून चहा टाकायला आत गेली तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "लघवी धरवत नाही, ताई." रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते आठला घेतलेलं, आणि बाजाराची वेळ दहाची! हा प्रश्न घरच्यांसमोर कधीच विचारू नये. त्यांच्या डॉक्टरांशी बोलले; त्यांनी गोळी फिरून आल्यानंतर घ्यायला सांगितली. अशी वेळ आपल्या मनानं बदलायची नाही.

उरला जिना. 14 पायऱ्या, प्रत्येक साडेआठ इंच, आधाराला नुसता दोर. तोल जातो नेमका तेव्हाच दोर झुलतो. त्याजागी दीड इंच जाडीचा गोल पाइप बसवला, भिंतीपासून दोन इंच सुटा, पायरीच्या कडेपासून 34 इंचांवर, आणि शेवटच्या पायरीपुढे फूटभर वाढवलेला. खालच्या अंधारात पायऱ्या संपल्या असं समजून लोक पाय टाकतात, म्हणून ती वाढ. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी.

व्यायाम एकच: खुर्चीवर दोन उशा, आठ उठबशा, दिवसातून दोनदा. हात न टेकता दहा सहज झाल्या की एक उशी काढायची. कमोडची सीट सगळ्यात शेवटी काढली. जिन्याचा नियम: जितक्या पायऱ्या दोनदा चढता येतील तितक्याच उतरायच्या. त्याआधी रक्तदाब निजून आणि उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजायचा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर त्या दिवशी जिना नाही.

सहा आठवड्यांनी उठबशा 14 सेकंदांवर आल्या. सकाळी साडेसातला सूरसागर तलावाच्या काठापर्यंत जाणं होतं. रस्ता ओलांडताना मात्र अजून मुलाचा हात लागतो: चार मीटरला साडेसहा सेकंद लागत होते, आता साडेपाच लागतात, आणि स्कूटरवाले तेवढं थांबत नाहीत.