२,१४,००० किलोमीटरनंतर: जुन्या गाडीची कामे आणि मापांची वही

ही वही सुरू केली तेव्हा गाडीच्या ओडोमीटरवर २,१४,३८० किलोमीटर होते. चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पाच गिअरचा साधा गिअरबॉक्स, आधीच्या मालकाकडून आलेल्या नोंदी अपुऱ्या आणि तक्रारी मात्र भरपूर: आयडलिंगला थरथर, चढावर पिकअप नाही, ॲव्हरेज घटलेले, गाडी उभी राहील तिथे जमिनीवर ऑइलचे डाग, आणि रात्री हेडलाइट लावला आहे की नाही अशी शंका यावी इतका मंद उजेड. गाडी पाहिलेल्या दोघांनीही इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलण्याचा सल्ला दिला. तो खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या जवळ जात होता. म्हणून दर महिन्याला एक ठरावीक रक्कम बाजूला काढायची, तेवढ्यातच काम करायचे आणि कोणताही भाग विकत घेण्याआधी तो खराब असल्याचे मापाने दिसले पाहिजे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. परिणामी पहिल्या दोन महिन्यांची रक्कम एकाही सुट्या भागावर खर्च झाली नाही. ती मल्टिमीटर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजणारा गेज, गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी रीडर आणि ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा टॉर्क पाना यांवर गेली.

या नियमाला एकच अपवाद केला, तो टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, बेल्ट शेवटचा केव्हा बदलला याची नोंद नव्हती, आणि बेल्टची झीज वरवर पाहून कळतेच असे नाही. बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकदमच बदलून घेतले, कारण तिथवर पोहोचण्याची मेहनत तिन्हींसाठी एकच असते.

२,१४,९०० किमी: इंजिन खोलायचे की नाही

इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोल पंप बंद ठेवून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन मोजले. आकडे अनुक्रमे १२.२, १२.०, ११.१ आणि १२.१ बार आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा ११.९ वर गेला. ऑइल घातल्याने दाब वाढतो तेव्हा गळती रिंगांकडून होत असते, कारण ऑइल तेवढ्यापुरती ती फट बुजवते. व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळत असते तर आकड्यात विशेष फरक पडला नसता. म्हणजे दोघांचे निदान अगदीच चुकीचे नव्हते, तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा झिजल्या आहेत. मात्र सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांतला फरक ९ टक्क्यांच्या आसपास होता, आणि १० टक्क्यांच्या आतल्या फरकासाठी इंजिन खोलणे मला पटले नाही.

मग ऑइल कुठे जात होते? उत्तर बोटाएवढ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये सापडले. रिंगांमधून निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरलेला वायू परत इनटेकमध्ये पाठवण्याचे काम हा व्हॉल्व्ह करतो. तो काढून कानाशी हलवला तर आतला भाग खुळखुळला पाहिजे. माझा दगडासारखा मुका होता. वाट बंद झाली की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकलले जाते. अशा स्थितीत नवे सील घातले असते तरी काही दिवसांत तेही पाझरू लागले असते. व्हॉल्व्ह आणि त्याची फुगून मऊ पडलेली नळी बदलली, टॅपेट कव्हरचे गॅस्केट नवे घातले आणि इंजिनच्या मागच्या सीलला हातही लावला नाही. पूर्वी साधारण १,५०० किलोमीटरला एक लिटर ऑइल भरावे लागत असे. आता ते २,६०० किलोमीटरला लागते. जमिनीवरचे डाग पूर्ण गेलेले नाहीत, पण महिन्यातून एकदा पुसण्याइतकेच उरले आहेत.

२,१६,२०० किमी: माझाच नियम मोडल्याची शिक्षा

थरथर कायम होती आणि ओबीडी रीडरवर मिश्रण पातळ असल्याचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचा, कोड येत होता. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या बँकेचा उल्लेख दिसला आणि मी, काहीही न मोजता, नवा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन पाहून मिश्रण कसे आहे ते सांगणारा) आणून बसवला. कोड दोन दिवसांत परत आला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा हा प्रकार झाला: सेन्सर मिश्रण पातळ आहे हेच खरे सांगत होता आणि मी सांगणाऱ्यालाच बदलले. त्या महिन्याची रक्कम तिथेच संपली.

पुढच्या महिन्यात रीडरवर कोडऐवजी फ्युएल ट्रिमचे, म्हणजे इंजिनचा संगणक (कंट्रोल युनिट) ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे पाहिले. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १४ टक्के होता, तर २,५०० आरपीएमला तो अधिक ३ टक्क्यांवर उतरत होता. माझ्या गाडीत आत येणाऱ्या हवेचे मोजमाप करणारा एअर फ्लो सेन्सर आहे, आणि त्याच्या पुढे कुठेतरी फट असेल तर तिथून शिरणारी हवा मोजली जात नाही. आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी घेते, त्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की तोच वाटा नगण्य होतो. हाच आकडा उलटा असता, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि वेगात वाढत गेलेला, तर मी पेट्रोल फिल्टर, पंपाचा दाब आणि मळलेला एअर फ्लो सेन्सर यांच्याकडे वळलो असतो. ज्यांच्या गाडीत एअर फ्लो सेन्सरऐवजी मॅनिफोल्डचा (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाचा) दाब मोजणारा सेन्सर आहे, त्यांनी हे गणित जसेच्या तसे लावू नये. तिथे अशी फट बहुधा वाढलेल्या आयडलिंगच्या रूपाने दिसते.

फट निघाली पेडलचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत, मॅनिफोल्डच्या खालच्या वळणावर. वरून नळी धडधाकट दिसत होती. आरशात पाहिल्यावर नखाएवढी चीर दिसली. नळी बदलल्यावर ट्रिम अधिक २ टक्क्यांवर आला, थरथर गेली, आणि ब्रेकचे पेडलही आधीपेक्षा हलके झाले.

२,१८,७५० किमी: थंड राहणारे इंजिन

जुनी गाडी गरम होते हे सर्वांना माहीत असते. माझी गाडी गरमच होत नव्हती. मोकळ्या रस्त्यावर रीडरवर कूलंटचे तापमान ६८ ते ७० अंशांच्या पुढे जाईना, डॅशबोर्डचा काटा मात्र मध्याच्या किंचित खाली, म्हणजे सहज दुर्लक्ष व्हावे अशा जागी होता. इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या गार पाण्यात ठेवला तर तो आधीच अर्धा उघडा होता. त्याच्यावर ८२ अंशांचा शिक्का होता आणि तोवर तो पूर्ण मिटलेला असायला हवा होता. इंजिन थंड राहिले की कंट्रोल युनिट गाडी अजून गरम होत आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहते, आणि ऑइलमध्ये मिसळलेली वाफ व पेट्रोल उडून जात नाही. थर्मोस्टॅट काढूनच टाकावा म्हणजे इंजिन कधी तापणार नाही, असा सल्ला अजूनही मिळतो. तो ऐकणाऱ्याला वरील दोन्ही दोष विकत न घेता मिळतात.

सोबत रेडिएटरचे झाकणही बदलले. त्यावर ०.९ बार लिहिले होते, पण त्याचे रबर तडकलेले होते आणि ते दाब धरत नव्हते. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो, आणि तोच इंजिनचा राखीव साठा असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली. ॲव्हरेज टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंत या पद्धतीने मोजतो. नळी आणि थर्मोस्टॅट या दोन कामांनंतरच्या पाच टाक्यांमध्ये ते लिटरला १२.१ वरून १३.९ किलोमीटर झाले.

२,२१,३०० किमी: हेडलाइट

अपग्रेड म्हणता येईल असे या वहीतले हे पहिले काम आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि हेडलाइटच्या सॉकेटवर १२.३. मधले १.६ व्होल्ट जुन्या बारीक वायरी, स्विचचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट आणि गंजलेले अर्थिंग खात होते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तर साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. त्या हिशेबाने मी एक तृतीयांश उजेड रस्त्यावर पोहोचण्याआधीच गमावत होतो. बॅटरीपासून थेट २.५ चौरस मिलिमीटरची वायर, लो आणि हाय बीमसाठी वेगळे रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारे स्विच), डाव्या-उजव्या बल्बला स्वतंत्र फ्यूज म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा राहील, आणि अर्थिंगसाठी रंग खरवडून नवी जागा, एवढे केले. जुना स्विच आता फक्त रिले चालवतो. सॉकेटवर १३.५ व्होल्ट मिळतात. बल्ब मूळ ५५/६० वॅटचेच ठेवले. १०० वॅटचे बल्ब जुन्या सॉकेटचे प्लास्टिक वितळवतात, आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला तर प्रकाश रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

पिवळी पडलेली काच (खरे तर पॉलिकार्बोनेट) ८००, १५०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासह घासली. यापूर्वी एकदा घासून नुसतेच पॉलिश केले होते आणि काही महिन्यांत पिवळेपणा परतला होता, कारण घासताना अतिनील किरणांपासून जपणारा मूळ थर निघून जातो. या वेळी वरून तसा लेप दिला आहे.

मल्टिमीटर हातात होताच म्हणून स्टार्टर फिरवताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा ऋण टोक यांच्यामधले व्होल्टेजही पाहिले. ०.२ च्या आत हवे, ०.७ निघाले. वीतभर लांबीची अर्थिंगची नवी पट्टी बसवली आणि ज्या स्टार्टरला मी म्हातारा समजत होतो तो एका झटक्यात फिरू लागला.

२,२२,६०० ते २,२८,८०० किमी: बुश, आणि चुकलेले काम

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी भाग, मी स्वतः बदलले. गाडी स्टँडवर, चाके लोंबकळत, त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण टॉर्कला घट्ट केले आणि समाधानाने गाडी खाली उतरवली. सहा हजार किलोमीटरमध्ये नवे बुश फाटले. मी सुटा भाग हलक्या प्रतीचा म्हणून चरफडत होतो. दोष माझा होता. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळकांड्यांना चिकटवलेले असते, त्यामुळे आर्म वरखाली होताना बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. चाक लोंबकळताना बोल्ट आवळला तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते, आणि गाडी चाकांवर उभी राहताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. दुसऱ्या जोडीच्या वेळी बोल्ट हातानेच बसवले, आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणले आणि मग टॉर्क पाना चालवला. पॉलियुरेथेनच्या बुशचा मोह झाला होता; ते टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक खडा आत कळवतात, आणि माझी गाडी शर्यतीची नाही. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर जोडीनेच बदलले आणि शेवटी अलाइनमेंट केली.

अलॉय व्हील्ससाठी राखलेली रक्कम याच काळात टायरांकडे वळवली. नक्षी ४ मिलिमीटर शिल्लक होती, पण बाजूवरचा चार अंकी आकडा ०९१४ होता, म्हणजे २०१४ सालचा नववा आठवडा. रबर इतके कडक झाले होते की नख रुतत नव्हते. गाडीच्या चालीत सर्वांत मोठा फरक या चार टायरांनी पडला आहे.

ब्रेकमध्ये पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड ३ मिलिमीटर आणि बाहेरचा ८ मिलिमीटर उरला होता; कॅलिपरची पिन गंजून अडकल्याची ही खूण. पिन साफ करून सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने तिथले रबर फुगते. डॉट ४ द्रव पूर्ण बदलला. नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषलेल्या द्रवाचा तो १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि माझा द्रव चहाच्या रंगाचा होता. गिअर ऑइल मॅन्युअलप्रमाणे जीएल-४ प्रतीचेच भरले. आकडा मोठा म्हणून जीएल-५ भरल्यास त्यातले गंधकयुक्त घटक गिअर सहज पडू देणाऱ्या पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत.

२,३१,९०० किमी: सध्याची स्थिती

कॉम्प्रेशन पुन्हा मोजले: १२.१, १२.०, ११.०, १२.१. सतरा हजार किलोमीटरमध्ये तिसरा सिलिंडर ०.१ बारने उतरला, आणि एवढा फरक तर गेजच्या चुकीतही बसतो. नवे काम मात्र उभे राहिले आहे. साठच्या वर वेग गेला की गुणगुणल्यासारखा आवाज येतो, उजवीकडे वळताना तो वाढतो आणि डावीकडे वळताना थांबतो. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर आहे. पुढचे की मागचे, हे दोन्ही चाके उचलून, स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवून पाहिल्याशिवाय या महिन्याची रक्कम खर्च करणार नाही.